शिडीखालचा पाहुणा

माझ्या सासऱ्यांना गावात नावानं कोणी ओळखत नाही. शिडीबुवांचं घर कुठलं म्हणून विचारा, शेंबडं पोरही तुम्हाला आमच्या दारात आणून सोडेल. धंदा रंगाऱ्याचा. अंगकाठी शिडीचीच, उंच, सडसडीत, भिंतीला टेकवल्याशिवाय स्वस्थ उभी न राहणारी. जमिनीवर त्यांचं मन रमत नाही. सासूबाई म्हणतात, "ह्यांना घरातलं काही सांगायचं तर आधी स्टुलावर चढवावं लागतं. खाली असले की ह्यांना ऐकूच येत नाही."

उभ्या हयातीत बाबा शिडीवरून पडले नव्हते. हे ते स्वतःच्या तोंडानं कधी सांगत नसत. पण माणसं जमली की गप्पा अशा काही वळणावर आणून ठेवत, की समोरच्यालाच म्हणावं लागे, "तुम्ही मात्र कधी पडला नाहीत हं, बुवा." मग ते मान खाली घालून चष्मा पुसत बसत. सून म्हणून मी ह्या प्रकाराला पुष्कळ हसले आहे. पण खोटं कशाला बोलू, त्यांना वर चढताना पाहिलं की माझं हसू मावळायचं. एका हातात डबा, कमरेला ब्रश, आणि आपण अंगणातून घरात जावं तितक्या सहज हा माणूस तिसऱ्या मजल्यावर पोचायचा.

न पडण्याचं गुपित वर नव्हतंच, ते खाली होतं. बाबा म्हणत, चढणारा पायांनी चढत नाही, खालच्याच्या हातांनी चढतो. त्यासाठी त्यांनी एक नेम घालून घेतला होता. पहिल्या पायरीवर पाय ठेवण्याआधी ते भिंतीकडे तोंड करून म्हणायचे, "चढतो." शिडी धरणाऱ्यानं दोन्ही उभे दांडे मुठीत घ्यायचे, एक पाय खालच्या पायरीवर रोवायचा आणि उत्तर द्यायचं, "धरलंय." ते ऐकल्याशिवाय बाबांचा पाय जमीन सोडत नसे. आणि एकदा 'धरलंय' म्हटलं की धरणाऱ्यानं वर बघायचं नाही, मागं बघायचं नाही, कोणी हाक मारली तर ओ द्यायची नाही. नजर समोरच्या पायरीवर. मान वळली की खांदा वळतो, खांदा वळला की मूठ सैल होते, असा त्यांचा हिशेब होता.

ह्या नेमापायी त्यांनी पोटच्या मुलाला कामावरून काढलं. माझा नवरा तरुणपणी त्यांची शिडी धरायचा. एके दिवशी रस्त्यावरून एक मुलगी चालली होती, आणि त्याची मान वळली. बाबा तसेच खाली उतरले, शिडी आडवी केली आणि म्हणाले, "तू दुसरं काहीतरी बघ." त्यानं मग ट्रक चालवायला घेतला. ती मुलगी म्हणजे मी. तेव्हा ह्या घरात मी आले तीच मुळी शिडीला धक्का देऊन, असं सासूबाई अजून ऐकवतात.

त्यानंतर शिडी धरणारे आले आणि गेले. एकाला डुलकी लागायची, एक सारखा फोनवर. शेवटी पाहुणा मिळाला.

पाहुणा परक्या मुलखातला. तिकडे राहण्यासारखं काही उरलं नाही म्हणून बरीच कुटुंबं आमच्या गावात आली होती. बाजारामागच्या जुन्या गोदामांत भिंती घालून खोल्या केल्या होत्या, त्यांत ती भाड्यानं राहत आणि पडेल ते काम करत. हा बाजारात पोती उतरवायचा. बाबांनी त्याचे हात पाहिले आणि त्याला विचारलं. त्याला आमची भाषा येत नव्हती. बाबांनी त्याला दोनच शब्द शिकवले, एक चढणाऱ्याचा आणि एक धरणाऱ्याचा. त्याचं नाव काही बाबांच्या जिभेवर बसेना, तेव्हा म्हणाले, "राहू दे. तू पाहुणा." अर्थ कळल्यावर तो इतका खूश झाला की बाबाच ओशाळले.

पहिल्याच दिवशी बाबांनी वरून रंगात भिजलेला ब्रश मुद्दाम त्याच्या डोक्यावर टाकला. हिरवा ओघळ कपाळावरून नाकाच्या शेंड्यापर्यंत आला. पाहुण्यानं मान वर केली नाही. मुठी होत्या तिथंच होत्या. त्या दिवशी बाबा घरी आले ते गुणगुणत. सासूबाईंना म्हणाले, "माणूस मिळाला." माझ्या लग्नात त्यांचा चेहरा एवढा खुलला नव्हता, आणि हे मी तेव्हाच बोलून दाखवलं.

वर्षं गेली. पाहुण्याला भाषा येऊ लागली. त्याची बायको इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची. तिला आमची भाषा त्याच्याहून लवकर आली आणि फर्डी आली. मुलगी मोठी झाली, मी ज्या शाळेच्या ऑफिसात काम करते त्याच शाळेत आली, आणि बाबांना आजोबा म्हणू लागली. आमच्याकडे नातवंड नाही, त्यामुळे ते पद रिकामंच होतं.

मग बाजाराच्या इमारतीचं काम निघालं.

त्या इमारतीच्या दर्शनी भागाला, अगदी छताखाली, नक्षीची एक लांब पट्टी आहे. ती पिवळी करायची होती. रंगाऱ्यांचं एक असतं. असली पट्टी धरली की एका दमात कोपऱ्यापर्यंत न्यावी लागते. मधे थांबलं की ओली कड वाळते, आणि पुढं जोडलेला रंग कायमचा सांधा दाखवतो. खालून जाणाऱ्या माणसाला तो दिसणारही नाही, पण रंगाऱ्याला तो घासातल्या खड्यासारखा जन्मभर लागत राहतो.

पट्टी हातभर उरली होती आणि बाबा शिडी सरकवायला खाली उतरले होते, तेवढ्यात मी शाळेतून फोन केला. पाहुण्याच्या मुलीला सणकून ताप भरला होता. बाबांनीच त्याला पिटाळलं, "जा, पोरीला घरी ने. मी थांबतो." तो धावत शाळेत आला. माझ्या टेबलासमोर उभं राहून त्यानं मुलीला कडेवर घेतलं, तिचं दप्तर गळ्यात अडकवलं आणि माझे आभार मानत बसला. मीच त्याला निघ म्हटलं. त्याच सुमारास तिकडे बाजारात बाबांनी मान वर करून पाहिलं. कड वाळत चालली होती. त्यांना राहवेना. आयुष्यात पहिल्यांदाच ते 'धरलंय' ऐकल्याशिवाय चढले.

पायाचं हाड मोडलं. जिवावरचं पायावर निभावलं, असं सगळे म्हणाले. इस्पितळातून ते प्लास्टर घालून घरी आले, खाटेवर पडले आणि छताकडे बघत राहिले. ते छत त्यांनीच रंगवलेलं होतं, तेव्हा बघण्यासारखं होतं.

आमचा सलूनवाला त्यांची दाढी करायला घरी येऊ लागला. सलूनवाला म्हणजे गावचं वर्तमानपत्र, फक्त दिवसभर निघत राहणारं. पहिल्याच दिवशी साबण लावता लावता त्यानं विचारलं, "पण बुवा, धरणारा कुठं होता तुमचा?"

बाबा गप्प.

"सोडून पळाला की काय?"

बाबा गप्पच.

"मला वाटलंच. बाहेरची माणसं. त्यांना काय पडलंय आपलं!"

मी तेव्हा शाळेत होते. सासूबाई स्वयंपाकघरात होत्या, त्यांनी सगळं ऐकलं. त्यांनी मला पुढं जसं सांगितलं तसंच सांगते: "गळ्याला वस्तरा होता म्हणून गप्प बसले असं वाटलं मला. वस्तरा उचलला, तरी गप्पच."

एवढंच झालं होतं. बाकीचं लोकांनी केलं.

सलूनमध्ये 'सोडून पळाला' होतं, ते बाजारात जाईपर्यंत 'शिडी ओढली' झालं. तेव्हा निवडणूक तोंडावर आली होती. आमच्याकडच्या पुढाऱ्याला बोलायला काही सापडत नव्हतं, त्याला हे आयतं मिळालं. त्यानं सभेत सांगितलं, की ही बाहेरची माणसं ठरवून असं करतात. गावोगावी आपल्या जुन्या कारागिरांना एकेक करून खाली पाडतात आणि त्यांची कामं बळकावतात. कितीतरी जण मेले, पण सरकार दाबून टाकतंय. पडद्यावर बाबांचा फोटो दाखवला, खाटेवर प्लास्टर घातलेला. तो सलूनवाल्यानं दाढी झाल्यावर काढला होता. एरवी बाबांना तो आवडला असता, दाढी छान झाली होती.

मी चिडले. भाजीच्या दुकानात, बसथांब्यावर, जिथं कोणी विषय काढील तिथं सांगत सुटले, "अहो, तो त्या वेळी माझ्यासमोर उभा होता! मुलीला घ्यायला आला होता!" माझ्या ओळखीची, माझ्या शेजारची माणसं माझ्याकडे दयेनं बघायची. एक बाई म्हणाली, "तू बोलणारच. तुमच्याच शाळेनं त्यांची पोरं भरून घेतलीत." हे लोक वाईट नव्हते. माझ्या आजारपणात ह्याच बाईनं मला डबा आणून दिला होता. म्हणून तर मी हबकून गेले.

आणि मग एके सकाळी ऑफिसातला फोन वाजला. मी उचलला.

पलीकडचा माणूस ओरडत नव्हता. सिमेंटची ऑर्डर द्यावी तशा आवाजात म्हणाला, "शिडीबुवांच्या पायाची भरपाई करायची आहे. त्या लोकांची पोरं आज वर्गात बसली, तर शाळा जागेवर राहणार नाही. सांगून ठेवतोय." फोन बंद झाला, आणि मी मात्र रिसीव्हर कानालाच लावून बसले होते.

शाळा रिकामी केली. पोलीस आले, बाकांखाली, कपाटांत, टाकीत शोधलं. काही निघालं नाही. मैदानात पोरं रांगा करून उभी होती, लहानांना गंमत वाटत होती. पाहुण्याची मुलगी रांग सोडून माझ्याजवळ आली, माझा हात धरला आणि हळूच विचारलं, "आजोबांना आमचा राग आलाय का?" वर्गात तिला कोणीतरी सांगितलं होतं की हे सगळं शिडीबुवांसाठी चाललंय. मी नाही म्हटलं, पण माझा आवाज मलाच खरा वाटला नाही.

घरी आले ती पर्स फेकूनच. बाबांना ह्यातलं काही माहीत नव्हतं; दुखण्यात त्रास नको म्हणून मीही घरात बोलले नव्हते. घरात टीव्ही बिघडलेला आणि सलूनवाला त्यांना फक्त गोड गोड सांगायचा, गाव तुमच्यासाठी किती हळहळतंय वगैरे. मी फोनवरचं वाक्य त्यांना जसंच्या तसं ऐकवलं. तुमच्या नावानं आलं होतं, हेही मी सांगितलं. तेव्हा सासूबाईंनी वस्तऱ्याची गोष्ट सांगितली.

"तुम्ही पडलात, हे सांगायची लाज वाटली तुम्हाला?" मी विचारलं. सासऱ्यांशी असं बोलायची आमच्याकडे रीत नाही. त्या दिवशी मी रीत बाजूला ठेवली.

"वाटली," ते म्हणाले. मग म्हणाले, "पडल्याची नाही. न विचारता चढल्याची."

दुसऱ्या दिवशी कुबड्या घेऊन ते सलूनमध्ये गेले. खुर्च्या भरलेल्या होत्या. त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं की पाहुणा तिथं नव्हता, मीच त्याला पाठवलं होतं, मी एकटा चढलो. सलूनवाल्याची कात्री थांबली. त्यानं जवळ येऊन दबक्या आवाजात विचारलं, "बुवा, कोणी धमकावलं का तुम्हाला?" संध्याकाळी पुढाऱ्याचा माणूस फुलांचा गुच्छ घेऊन आला, पुढच्या सभेला तुम्ही व्यासपीठावर बसायचं म्हणाला. बाबांनी त्यालाही खरं काय ते सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "ताई, आजोबांच्या डोक्यालाही मार लागला होता ना?"

तो गेल्यावर बाबा बराच वेळ गुच्छाकडे बघत राहिले. त्यांना वाटलं होतं, खरं काय ते आपल्याच खिशात आहे, मनात येईल तेव्हा काढून दाखवू. आता काढलं, तर कोणी घ्यायला तयार नव्हतं.

प्लास्टर निघेपर्यंत गोदामांच्या काचा फुटल्या होत्या. एका दाराला कोणीतरी आग लावून पाहिली होती, शेजाऱ्यांनी विझवली म्हणून बरं. कुटुंबं एकेक करून गाव सोडू लागली. पाहुणाही निघणार असल्याचं कळलं. बाजाराच्या चौकात पुढाऱ्याची मोठी सभा होती, त्याच दिवशी दुपारच्या बसनं.

आदल्या दिवशी बाबा मला म्हणाले, "चल माझ्याबरोबर. जिना आहे तिथं."

पाहुण्याची खोली मी पहिल्यांदा पाहिली. एका बाजूला स्टोव्ह, दुसरीकडे गादीची वळकटी, मधे बांधलेल्या पिशव्या. खिडकीला काचेच्या जागी पुठ्ठा. भिंतीच्या कडेनं मात्र एक पिवळी पट्टी काढलेली होती, सरळ, सांधा नसलेली. उरलेला रंग बाबांनी त्याला दिला होता. पाहुण्यानं बाबांना पिशवीवर बसवलं. त्याची बायको उभीच राहिली.

बाबा म्हणाले, "उद्या पट्टी पुरी करायची आहे. धरशील?"

पाहुणा काही बोलायच्या आत ती बोलली. "उद्या? सभेत?"

"हो."

"काका, तुम्ही वर असाल. ह्याची पाठ लोकांकडे असेल."

"हो."

"आणि हा मान वळवायचा नाही."

"नाही वळवणार."

"मग तुम्ही काय मागताय ते कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय," बाबा म्हणाले. "म्हणून मागायला आलोय. सांगायला नाही."

तिचे डोळे भरले, पण रागानं. ती म्हणाली, "तुम्ही तुमचं नाव सांभाळलंत. त्याची किंमत माझ्या पोरीनं मैदानात उभं राहून दिली." बाबांनी मान खाली घातली. त्यांच्या बाजूनं बोलावं असं माझ्याकडे काही नव्हतं, आणि असतं तरी मी बोलले नसते. ती पाहुण्याकडे वळली, "मी पोरीला घेऊन त्या बसमध्ये असेन. तू असशील किंवा नसशील, तुझं तू ठरव."

पाहुणा आपल्या तळहातांकडे बघत होता. मग त्यानं एवढंच विचारलं, "मिस्त्री, पाय चढेल?"

"चढेल," बाबा म्हणाले.

सभेच्या दिवशी चौक दुपार व्हायच्या आतच गच्च भरला. व्यासपीठ बाजाराच्या इमारतीला लागूनच होतं, आणि वर कोपऱ्याशी ती हातभर जागा तशीच राखाडी राहिलेली होती. आम्ही गल्लीतून बाहेर आलो. गर्दीला आधी शिडीचा पुढचा भाग आणि बाबा दिसले. "शिडीबुवा आले! शिडीबुवा आले!" लोकांनी टाळ्या वाजवत वाट करून दिली, त्यांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. शिडीचं मागचं टोक ज्याच्या खांद्यावर होतं तो दिसला, तशा टाळ्या मागून पुढं बंद होत गेल्या.

बाबांनी कोपऱ्याशी शिडी लावली. टोकांना चिंध्या बांधलेल्या होत्या त्या तपासल्या. पाहुण्यानं गर्दीकडे पाठ केली. एवढ्यात सासूबाई पुढं आल्या. त्यांनी घरून घडीचं स्टूल आणि मटारची पिशवी आणली होती. पाहुण्याच्या पाठीला पाठ लावून, गर्दीकडे तोंड करून त्या स्टुलावर बसल्या आणि मटार सोलू लागल्या. "उभी काय राहिलीस," त्या मला म्हणाल्या, "टरफलं धर." मी धाडसी बाई नाही. पण मी त्यांच्या शेजारी उभी राहिले, पदरात टरफलं घेऊन.

"चढतो," बाबा म्हणाले.

व्यासपीठावरचा माइक जवळच होता. सगळ्या चौकाला ते ऐकू गेलं, आणि त्यानंतरची शांतताही.

"धरलंय," पाहुणा म्हणाला.

बाबा पूर्वीसारखे चढले नाहीत. चांगला पाय वर, मग दुखरा पाय त्याच पायरीवर, मग पुन्हा चांगला पाय. मधेच थांबायचे, दम घ्यायचे. वर पोचल्यावर त्यांनी डबा आकड्याला अडकवला. आणि मग जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं. शिडीवरून त्यांनी मान वळवली आणि लोकांकडे पाहिलं.

"मी पडलो तेव्हा हा इथं नव्हता," ते म्हणाले. त्यांचा आवाज मोठा नाही, पण उंचावरून आला. "पोरीला ताप होता, मीच पाठवलं. रंग वाळेल म्हणून मी न धरता चढलो. मग लाज वाटली, म्हणून गप्प बसलो. चूक माझी आहे."

गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "घाबरवलंय त्यांना!" पुढाऱ्यानं माइक हातात घेतला. बघा, म्हणाला, आपल्या वडीलधाऱ्या माणसावर केवढं दडपण आणलंय बघा.

बाबा वरून म्हणाले, "घाबरलो असतो, तर ह्याच्या हातात जीव दिला असता का?"

आणि भिंतीकडे वळून त्यांनी ब्रश बुडवला.

दगड कोणी मारला ते मला दिसलं नाही. आमच्या डोक्यावरून गेला तो दिसला. पाहुण्याच्या कानाच्या वर लागला. असा आवाज मी पुन्हा ऐकू इच्छित नाही. त्याचे गुडघे वाकले, कपाळ समोरच्या पायरीवर टेकलं. मानेवरून रक्त उतरलं, शर्टाच्या कॉलरमध्ये गेलं. मी वर पाहिलं. आकड्याला अडकवलेला डबा हललासुद्धा नव्हता. ब्रश डावीकडून उजवीकडे सरकत होता, सावकाश, एका रेषेत. अख्ख्या चौकाला कळलं होतं काय झालं ते. शिडीवरच्या माणसाला तेवढं कळलं नव्हतं.

त्याला कळू नये एवढं घट्ट धरलं होतं पाहुण्यानं.

मी पुष्कळ देवळं पाहिली आहेत, समुद्र पाहिला आहे, माणूस जन्माला येताना पाहिला आहे. पण असं मी कधी पाहिलं नव्हतं. त्यानं हात सोडले असते तर त्याला बोल लावायला कोणाला तोंड होतं? तो मान वळवून बघू शकला असता, पुढचा दगड येतोय का. त्यानं बघितलं नाही. त्याची नजर त्या एका लाकडी पायरीवर होती, आणि मला वाटतं त्या क्षणी त्याच्यासाठी चौकात दुसरं काहीच नव्हतं.

पुढारी बोलत होता, पण त्याचा आवाज दुसऱ्याच कुठल्या तरी गावातून आल्यासारखा येत होता. मग चौकाच्या पलीकडच्या कडेला सलूनचं दार उघडलं. सलूनवाला हातात टॉवेल घेऊन बाहेर आला आणि मधली सगळी मोकळी जागा चालत आमच्याकडे आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. सासूबाईंनी त्याला नखशिखांत न्याहाळलं. "वस्तरा नाही ना आणलास?" त्या म्हणाल्या. त्यानं मान हलवली. मग त्यांनी स्टूल सरकवून वाट दिली. पाहुण्याचे हात मोकळे नव्हते, तेव्हा सलूनवाल्यानंच टॉवेल जखमेवर दाबला आणि तसाच धरून उभा राहिला. त्यानंतर दुसरा दगड आला नाही.

बाबा कोपऱ्यापर्यंत पोचले, ब्रश झटकला आणि म्हणाले, "उतरतो." खाली येऊन त्यांनी पाहुण्याकडे पाहिलं. पुढचं ते काय म्हणाले ते कोणाला ऐकू आलं नाही. नुसते ओठ हलले. मग म्हणाले, "सोड आता."

पाहुण्याची बोटं सुटेनात. तो प्रयत्न करत होता, पण दांड्यांभोवती ती आवळून बसली होती. सासूबाईंनी मटारची पिशवी खाली ठेवली आणि त्याचं एकेक बोट हळूहळू उलगडलं, झोपलेल्या मुलाच्या मुठीतून वस्तू काढावी तसं.

गर्दी पातळ होत होती. कोणी माफी मागितली नाही. बहुतेक जण खाली बघत निघून गेले. त्या जाणाऱ्या लोकांमधून पिशव्या घेतलेली पाहुण्याची बायको पुढं आली, मुलगी तिच्या हाताला. ती किती वेळ तिथं उभी होती कोणास ठाऊक. नवऱ्याची जखम तिनं बघितली, टॉवेल आपल्या हातात घेतला.

"बस गेली," ती म्हणाली.

बाबा तिच्यासमोर उभे होते, दुखऱ्या पायावर, रंगलेल्या हातांनी. तिनं त्यांना माफ केलं असं मी म्हणणार नाही. ती त्यांच्याकडे बघून म्हणाली, "पुढच्या वेळी खाली तुम्ही उभे राहा."

पुढारी दुसऱ्या गावी गेला, तिथं म्हणाला की त्या दोघांना पैसे दिले होते. तिथल्या लोकांना ते पटलं असं ऐकते. शाळेत तसा फोन नंतर आणखी एकदा आला. पोरांना पुन्हा मैदानात उभं केलं, पुन्हा काही निघालं नाही. तेव्हा सगळं निवळलं, असं म्हणायची माझी तयारी नाही. बाजाराची पट्टी पुरी झाली आहे, पण कोपऱ्यापासून हातभरावर सांधा दिसतो. बाबा तिथून जाताना वर बघतात आणि काही बोलत नाहीत.

सध्या आमच्या शाळेचं रंगकाम चाललंय. माझ्या खिडकीतून शिडीचा खालचा भाग दिसतो. मघाशी बाबा तिथं येऊन उभे राहिले. दोन्ही दांडे मुठीत, दुखरा पाय खालच्या पायरीवर. पोरं मागून "शिडीबुवा! शिडीबुवा!" करून ओरडत होती. त्यांनी मान वळवली नाही. टेबलावरचा फोन वाजू लागला. अजूनही तो वाजला की मला उचलायला वेळ लागतो. बाहेर पाहुण्याचा आवाज आला, "चढतो."

मी थांबले. फोन वाजत होता.

"धरलंय," माझे सासरे म्हणाले, आणि मी फोन उचलला.